ज्याने कधी चार्ज घेतला नाही

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय दत्तू,

रविवारी आपलं बोलणं अर्धवटच राहिलं. तुझ्याकडे मध्यरात्र उलटली होती आणि वहिनींची हाक मला इथे फोनवर ऐकू आली. पण तुझं वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाही. "ज्याने आयुष्यात कधी कुठला चार्ज घेतला नाही, त्याच्या हातात अख्खा देश कसा देता रे तुम्ही?" महसुलात जन्म काढलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. मलाही तो टाळता येत नाही, कारण आता इथे माझं मत आहे. इथे अध्यक्ष म्हणून दोनदाच निवडून येता येतं, त्यामुळे २०२८ ला मैदान मोकळं आहे. गव्हर्नर (म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा, राज्याचा कारभार चालवणारा), सिनेटर, उद्योगपती सगळेच बाशिंग बांधून उभे राहतील. म्हणून फोनवर जे धड सांगता आलं नाही ते लिहून पाठवतोय.

इथल्या राज्यघटनेत अध्यक्षासाठी तीनच अटी आहेत. जन्माने नागरिक असावा, वय ३५ पूर्ण असावं आणि १४ वर्षं देशात राहिलेला असावा. कारभाराच्या अनुभवाचा उल्लेखच नाही, ते मतदारांवर सोडलंय. १९७६ ते २००४ या आठ निवडणुकांत मतदारांनी सात वेळा गव्हर्नरकी केलेला माणूस निवडला: कार्टर, रेगन, क्लिंटन, धाकटे बुश. मग २००८ ला ओबामा थेट सिनेटमधून आले आणि २०१६ ला ट्रम्प. त्याआधी ना सरकारी पद, ना लष्करी सेवा, असा अध्यक्ष या देशाने तोवर पाहिला नव्हता.

अनुभवाचा विषय निघाला की इथे लोक हटकून लिंकनचं नाव घेतात. त्याच्या आधीचा अध्यक्ष बुकॅनन खासदार, सिनेटर, रशिया आणि ब्रिटनमध्ये राजदूत, परराष्ट्रमंत्री, सगळं होऊन आलेला. १८६१ च्या मार्चमध्ये तो गेला तेव्हा सात राज्यं फुटून निघाली होती. लिंकनच्या गाठीला संसदेतली दोन वर्षं, राज्याच्या विधिमंडळातली काही वर्षं आणि वकिली. तरी देश त्याने राखला. खरंय, पण या दाखल्याने मला मत कुणाला द्यायचं ते कळत नाही. लिंकन कसा निघाला हे लोकांना नंतर समजलं. मला नोव्हेंबरमधल्या मतदानाआधी समजायला हवं.

मला जास्त शिकवलं ते १९३२ च्या निवडणुकीने. त्या वर्षी समोरासमोर होते हूवर आणि रूझवेल्ट, दोघेही कारभार केलेले. हूवर तर त्या काळातला नामांकित व्यवस्थापक. पहिल्या महायुद्धात उपाशी बेल्जियमला धान्य पोचवलेला माणूस. १९२७ ला मिसिसिपीला महापूर आला तेव्हा ते वाणिज्यमंत्री होते आणि मदतकार्याची सूत्रं त्यांच्याकडे होती. लाखो लोक छावण्यांत. पुढच्याच वर्षी ते निवडून आले, त्यात या पुराच्या कामाचा मोठा वाटा होता. पण दत्तू, ते काम जवळून बघ. पैसा मुख्यतः रेड क्रॉसच्या देणग्यांतून उभा केला, सरकारी तिजोरीतून थेट लोकांच्या हातात काही द्यायचं नाही यावर त्यांचा भर. काही छावण्यांत काळ्या मजुरांना पहाऱ्यात ठेवून बंधाऱ्यांवर राबवलं, पासाशिवाय बाहेर पडू दिलं नाही. तक्रारी वरपर्यंत गेल्या होत्या. दोन वर्षांनी मंदी आली, आणि हा गृहस्थ तेव्हाही देणग्यांवर आणि स्थानिक संस्थांवरच विसंबून राहिला. रस्त्यावर पावासाठी रांगा लागल्या तरी धोरण तेच.

त्याच सुमारास रूझवेल्ट न्यूयॉर्कचे गव्हर्नर होते. १९३१ ला त्यांनी विधिमंडळाकडून २ कोटी डॉलर मंजूर करून घेतले आणि बेकारांसाठी राज्याची स्वतःची मदतयंत्रणा उभी केली. ती चालवायला हॅरी हॉपकिन्स नावाचा समाजकार्यकर्ता घेतला. पुढे रूझवेल्ट अध्यक्ष झाल्यावर वॉशिंग्टनला तोच माणूस, तेच काम, फक्त अख्ख्या देशासाठी. म्हणजे दोघं पुढे काय करणार ते दोघांच्याही जुन्या कामात लिहिलेलं होतं!

तुझ्या भाषेत सांगू? अनुभव म्हणजे उमेदवाराचा गोपनीय अहवाल, आणि इथे तो सगळ्यांना वाचायला उघडा असतो. किती वर्षं खुर्चीत बसला याला मी फार मोजत नाही. खुर्चीत बसून काय केलं ते मला तपासता येतं, ही माझ्या लेखी मोठी गोष्ट आहे. चार्जच न घेतलेल्या माणसाचा हा कागद कोरा असतो. कोरा म्हणजे वाईट नव्हे, पण मग मला त्याच्या भाषणांवरच भिस्त ठेवावी लागते.

सँडी वादळाचं तुला सांगितलं होतं ना, २०१२ च्या ऑक्टोबरअखेरचं? नऊ दिवस घरात वीज नव्हती. पेट्रोलसाठी लोक पहाटेपासून रांगेत, लाल कॅन हातात धरून. आमच्या पंपावर दोघांची गचांडी धरायची वेळ आली. मग गव्हर्नरांनी बारा काउंटींत, म्हणजे जिल्ह्यांत, सम-विषमचा आदेश काढला. ३ नोव्हेंबरपासून विषम तारखेला विषम नंबरच्या गाड्या. माझा नंबर सम, मला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी गेलो तर रांग निम्म्यावर आलेली आणि पंपावरचा पोरगा चक्क हसून बोलत होता. चार्ज म्हणजे काय ते मला त्या रांगेत कळलं. कुणीतरी सही केली, आणि चुकली असती तर तीही त्याच्याच नावावर राहिली असती.

तरी तुझं सगळं म्हणणं मी मान्य करत नाही. केनेडी सिनेटमधून आले. तीन महिन्यांत, १९६१ च्या एप्रिलमध्ये, कॅस्ट्रोचं सरकार उलथवायला क्यूबाच्या किनाऱ्यावर चौदाशेच्या आसपास क्यूबन निर्वासित उतरवले. शंभरावर मेले, बाकीचे बहुतेक पकडले गेले. शिकण्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. पण त्यांनी जबाबदारी उघडपणे स्वतःवर घेतली, आणि पुढच्या वर्षी क्यूबातल्या रशियन क्षेपणास्त्रांचा प्रसंग आला तेव्हा काही बैठकांना ते मुद्दाम गेले नाहीत, सल्लागारांनी मोकळेपणी बोलावं म्हणून. दीड वर्षात माणूस इतका बदलला.

इथे मला तू आठवतोस. २००५ चा पूर. पाणीपातळीच्या आकड्याची वाट बघत थांबलास आणि त्या वस्तीवर होडी दोन तास उशिरा गेली. म्हातारी वाचली, गोठ्यातली जनावरं गेली. दुसऱ्या दिवशी प्रांतांसमोर तू तलाठ्याकडे बोट दाखवू शकला असतास. "उशीर माझ्याकडून झाला," म्हणालास. मी दारात उभा होतो. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या स्वारीआधी सरसेनापती आयझेनहॉवरने एक चिठ्ठी लिहून पाकिटात ठेवली होती, स्वारी फसली तर दोष एकट्या माझा म्हणून. ते वाचलं तेव्हा मला तुझा तो चेहरा दिसला होता.

आता तू मला एक सांग. हाताखालच्यांचे अहवाल तू इतकी वर्षं लिहिलेस. एखाद्याची फाईल पहिल्यांदा हातात आली की आधी काय बघायचास? काय दिसलं की थांबायचास? जरा सविस्तर लिही. मला उमेदवारांच्या फाईली आत्तापासून वाचायला घ्यायच्यात.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याची गोळी जेवणानंतरच घे.

तुझा,
विनू