माळढोक परत हवा असेल, तर आधी नान्नजच्या तारा जमिनीखाली घ्या

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. राजस्थानात माळढोकाची अंडी यंत्रात उबवून पिल्लं वाढवली जात असल्याच्या बातम्या आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत येतात, आणि त्या आल्या की सोलापुरात दरवेळी एकच विचारणा होते : ही पाखरं आपल्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात कधी आणणार? मी वीज खात्यात लाइनमन होतो. नोकरीतला बराच काळ नान्नज, मार्डी, कारंबा या पट्ट्यात गेला. या हिवाळ्यात काही पक्षीमित्रांबरोबर जैसलमेरच्या डेझर्ट नॅशनल पार्कला जाऊन आलो. तिथं जे पाहिलं त्यावरून माझं ठाम मत झालं आहे की पाखरं आणण्याची घाई नको, आधी इथल्या तारांकडे बघा.

हे उद्यान 3,162 चौरस किलोमीटरचं, जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत पसरलेलं. राष्ट्रीय उद्यान म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे ताडोबासारखं दाट जंगल आणि जिप्सींची रांग येते. इथं तसं काही नाही. वाड्या आहेत, शेळ्यामेंढ्यांचे कळप आहेत आणि मधे मधे कुंपण घालून राखलेली कुरणं आहेत. सुदासरीचं कुरण त्यातलंच. गुडघ्याएवढं सेवण गवत, केर आणि बोरीची झुडपं, उभं झाड म्हणाल तर लांब कुठंतरी एखादी खेजडी.

वाटाड्याने दुर्बीण रोखून दिली तेव्हा पाखरू बरंच लांब होतं. नर होता. उंच पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, छातीवर काळा पट्टा, पाठ मातीच्या रंगाची. दोन-तीन पावलं टाकायचा, थांबायचा, मान ताठ करून चौफेर बघायचा, मग वाकून गवतातला किडा टिपायचा. एकदा त्याने अंग फुलवून पिसं झाडली तेव्हा तो केवढा मोठा आहे ते कळलं. मला भरून आलं. नान्नजच्या माळावर पूर्वी पोलवर चढलेलो असताना असंच पाखरू मी खाली चालताना पाहिलं होतं, आणि त्या काळी त्याचं कुणाला विशेष वाटत नव्हतं.

पण त्याच दुर्बिणीत त्याच्यामागे क्षितिजावर मनोऱ्यांची रांग दिसत होती. जैसलमेर भागात पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प मोठ्या प्रमाणावर उभे राहिले आहेत, त्यांची वीज वाहून नेणाऱ्या या लाइन. आमचा वाटाड्या पशुपालक घरातला तरुण. तो म्हणाला, "बाबूजी, इसको तार दिखता ही नहीं."

त्याचं म्हणणं खरं आहे. माळढोक शॉक लागून मरतो असा अनेकांचा समज असतो, पण बहुतेक वेळा तो तारेवर आपटूनच मरतो. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे आजूबाजूचं लांबवरचं दिसतं, नेमकं समोरचं कमी दिसतं. त्यात वजन. मोठा नर 15 किलोपर्यंत भरतो. तार जवळ आल्यावर दिसली तरी एवढं अंग ऐन वेळी वळवता येत नाही. मोठ्या लाइनला सगळ्यांत वर अर्थची बारीक तार असते. दुपारच्या उन्हात ती खालून आम्हा लाइनमन लोकांनाही पटकन दिसत नसे. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अंदाजानुसार एकट्या थरच्या वाळवंटात वर्षाला 18 माळढोक तारांमुळे मरतात. देशभरात मिळून पाखरं उरलीत दीडशेच्या आसपास आणि मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते.

तिथं काही तारांना चकत्या लावल्या आहेत. वाऱ्याने फिरतात, चमकतात, म्हणजे पाखराला तार लांबून कळावी. उपाय चांगला आहे. पण रस्त्याकडेच्या एका लाइनवर क्लॅम्प सैल झाल्याने चकत्या सरकत सरकत झोळाच्या तळाशी गोळा झालेल्या मी पाहिल्या. दोन्ही बाजूंच्या पोलांकडची तार मोकळी. वाळवंटातल्या वाऱ्यात असं होणारच. म्हणून चकती लावली की काम संपलं असं नसतं. तिची तपासणी कुणाच्या तरी नेमून दिलेल्या कामात असावी लागते.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये माळढोकाच्या भागातल्या तारा जमिनीखाली घेण्याचा आदेश दिला होता. मार्च 2024 मध्ये तो शिथिल करून तज्ज्ञांची समिती नेमली. अतिउच्च दाबाच्या लाइन इतक्या अंतरावर जमिनीखालून नेणं व्यवहार्य नाही, असं सरकारचं म्हणणं होतं. मोठ्या लाइनपुरतं त्यात तथ्य आहे, हे मी मान्य करतो. पण नान्नजच्या माळावर मी ज्या लाइनवर काम केलं त्या शेतीपंपांच्या 11 केव्हीच्या, आणि डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, पुढे लघुदाबाच्या. याच दाबाच्या केबल शहरात आपण गल्लीबोळांतून जमिनीखाली टाकतो. खर्च जास्त येतो, फॉल्ट शोधायला वेळ लागतो, हे सगळं मला माहीत आहे. पण वादळात तार तुटून रात्र रात्र अंधार राहतो, झोळ पडलेल्या तारेला उसाची ट्रॉली लागते, ते थांबतं. सगळ्या तालुक्याच्या तारा काढा असं मी म्हणत नाही. राखीव कुरणांना खेटून आणि एका कुरणातून दुसऱ्याकडे पाखरू ज्या बाजूने उडत जाईल तिथून गेलेले गाळे, म्हणजे दोन पोलांमधल्या तारा, आधी जमिनीखाली घ्या.

झाडांचंही तेच. माळ मोकळा दिसला की तिथं वृक्षारोपण करायची आपली पद्धत पडली आहे. माळढोकाला लांबवर दिसलं पाहिजे, तो झाडीत राहत नाही. काळवीट, धाविक, चंडोल, खोकड यांनाही पवन्या आणि कुसळी गवताचा उघडा माळच लागतो. सुदासरीत गवत राखलंय, गिरिपुष्प आणि सुबाबूळ लावलेली नाही.

आता शेतकऱ्यांविषयी. 1979 साली अभयारण्य झालं ते सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत मिळून जवळपास 8,500 चौरस किलोमीटरचं. त्यात गावंच्या गावं आली. जमिनीचे व्यवहार, बांधकामं अडली. पुढे क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं, पण तोवर लोकांच्या मनात राग बसला होता. "माळढोकामुळे आमचं कनेक्शन अडलं" हे वाक्य मी वस्त्यांवर शिव्यांसकट ऐकलेलं आहे, आणि त्या माणसांना मी दोष देत नाही. थरमध्ये ओरण म्हणून देवाच्या नावाने राखलेल्या जमिनी आहेत. त्यांवरून लाइन नेऊ नका म्हणून तिथल्या गावकऱ्यांनीच पदयात्रा काढल्या. गावकरी पाखराच्या बाजूने उभे राहतात ते असे. आपल्याकडे जमिनीखालची केबल ही शेतकऱ्याला अखंड वीज आणि पाखराला मोकळं आकाश, दोन्ही देणारी गोष्ट आहे. नान्नजचा द्राक्षबागायतदार हे काम अडवेल असं मला वाटत नाही, उलट लवकर करा म्हणेल.

जैसलमेर जिल्ह्यात सम आणि रामदेवरा इथल्या प्रजनन केंद्रांत 2024 अखेर 40 हून अधिक माळढोक होते. त्यांतली पाखरं उद्या मोकळी सोडायची वेळ आली तर ती कुठं सोडायची, हे जागा बघूनच ठरेल. नान्नजचं नाव त्यात यावं असं वाटत असेल, तर वनविभाग, वीज कंपनी आणि जिल्हा प्रशासन यांनी एकत्र बसून अभयारण्याच्या परिसरातल्या प्रत्येक लाइनचा नकाशा करावा आणि तो लोकांसमोर ठेवावा. कोणता गाळा आधी काढायचा, चकत्या कुठं लावायच्या, हे त्यातून ठरेल. इथल्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या लाइनवर, मी पायी फिरलेलो आहे. माझ्याबरोबरचे आणखी काही निवृत्त लाइनमन याच भागात राहतात. नकाशासाठी माणसं लागली तर आम्ही विनामोबदला यायला तयार आहोत. कोणत्या कार्यालयात अर्ज द्यायचा तेवढं संबंधितांनी आपल्या दैनिकातून कळवावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त लाइनमन,
उत्तर सोलापूर