अंग आंबलेली पोरगी

अंबाजोगाई,
१२ मार्च

प्रिय मित्रा,

पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातून आणलेली तुझी तिन्ही चित्रकार्डं पोचली. उत्तराला उशीर झाला, कारण ज्वारी काढणीला आली आणि माणसं मिळेनात. गावातले निम्मे कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, अजून साखर कारखान्यावरच आहेत.

कार्डं आईला दाखवली. फ्रेंच चित्रकार मिलेचं १८५७ चं चित्र बघून ती लगेच म्हणाली, "सरवा वेचायल्यात." कापणीनंतर रानात राहिलेली कणसं वेचणाऱ्या बायका. चित्राचं नावही तेच आहे, हे तिला कुणी सांगितलं होतं! एकीनं हात पाठीमागं दुमडून काड्यांची जुडी धरलीय, लांब मालकाच्या गंज्या, घोड्यावर राखणदार. चित्र थोरच, पण मला त्या बायका जरा मूर्तीसारख्या वाटतात. कमरा वाकलेल्या दिसतात, कळ दिसत नाही.

कळ आहे ती बास्तिआँ-लपाजच्या 'गवतकापणी'त. १८७७ चं चित्र. गडी तोंडावर टोपी टाकून आडवा झालाय, शेजारी पोरगी पाय पसरून बसलीय. हात मांडीवर सुटलेले, तोंड किंचित उघडं. काम कुठंच चाललेलं नाही, आणि तरी दिवसभराचं काम सगळं तिच्या अंगावर दिसतं. मी विचारलं, "ही कुठं बघायली गं?" आई म्हणाली, "कुठंच नाही. अंग आंबलंय तिचं." चित्रकार फ्रान्समधल्या लोरेनकडच्या खेड्यातलाच, पोरगीही त्याच्या नात्यातली, म्हणून नटवली नसेल. बिचारा ३६ व्या वर्षी गेला.

तिसरं लेर्मितचं, १८८२ चं. कापणी झालीय, दमलेला गडी बसलाय आणि मजुरीचे पैसे वाटणं चाललंय. आपल्याकडं उसाच्या टोळीचं उलटं. उचल आधी घ्यायची, मग नवरा-बायकोनं मिळून हंगामभर ती फेडायची. शेवटी हातावर काय पडतं ते मुकादमाची वही जाणे.

परवा मीच ओट्यावर बसून बायकांना रोज वाटत होतो. शेवटच्या बाईनं नोटा न मोजताच पदराच्या गाठीला मारल्या आणि तिथंच टेकली. धसकटांनी पाय सोललेले. मी चहा सांगितला. ती हो म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. चहा आला तेव्हा बसल्या बसल्या तिचा डोळा लागला होता.

पाडव्याला ये. नवी ज्वारी दळून ठेवतो.

तुझाच,
जुना बाकसोबती