मोजायला या, पण रात्री आठनंतर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फेब्रुवारी 2027 मध्ये जनगणनेची माणसं घरोघरी येणार, हे आपल्या पेपरात वाचलं, म्हणून लिहिते आहे.

मी पुण्यात नऱ्ह्याला राहते आणि डबे करते. आमच्या बी विंगमध्ये सोळा फ्लॅट आहेत. सोसायटीच्या रजिस्टरला माणसं 58. माझ्या वहीत मात्र याच विंगचे 31 डबे आहेत आणि त्यातली रजिस्टरला नाव असलेली मुलं चारच. लातूर, परभणी, हिंगोलीची ही मुलं. कुणी वर्कशॉपला जातं, कुणी पार्सलं पोचवतं, कुणी परीक्षेचा अभ्यास करतं. एका फ्लॅटमध्ये सात गाद्या आहेत, भिंतीला उभ्या केल्याशिवाय डबा ठेवायला जागा होत नाही. टँकर मागवायचा तो 58 जणांच्या हिशेबानं आणि आंघोळी 85 जणांच्या. सव्वासातला नळाची धार करंगळीएवढी होते. कणीक मळायचं पाणी मी रात्रीच भरून ठेवते.

शहराचंही असंच झालंय, असं मला वाटतं. 2011 च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या 31 लाख होती. तेव्हा नऱ्हे ग्रामपंचायत होती, 2021 मध्ये ते शहरात आलं. 2011 नंतर माणसांची मोजणीच नाही. शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात म्हणे, पण माणसं किती हेच माहीत नसेल तर गुणाकार कशाचा करणार? रेशनचे लाभार्थी किती, हेही अजून 2011 च्याच आकड्यावर ठरतं. माझा मुलगा तेरा वर्षांचा झाला, त्याला जनगणनेनं एकदाही मोजलेलं नाही.

आणि 2011 ला तरी आमची मोजणी कशी झाली? आम्ही 2010 साली परंडा तालुक्यातून आलो. चार एकर कोरडवाहूत दोन भावांचं भागत नव्हतं. धनकवडीत एक खोली घेतली. मोजणीला बाई आल्या तेव्हा मी पोळ्या लाटायला हॉटेलात होते, मिस्टर कामावर, खोलीला कुलूप. खाली घरमालकांनी सांगून टाकलं, इथं आमच्याच घरचे सहा जण राहतात. तिकडे सासऱ्यांनी मायेनं आमची दोघांची नावं गावी लिहून दिली. पाणी आम्ही पुण्याचं प्यायचो आणि कागदावर होतो परंड्यात. बाहेरच्यांनी गर्दी केली, असं लोक बोलतात तेव्हा मला हे आठवतं.

या वेळीही तेच होणार, याची मला काळजी आहे. मुलांना विचारलं तर म्हणतात, ‘काकू, आमचं नाव गावाकडं हाय की!’ अरे, ते मतदार यादीत, रेशन कार्डावर. जनगणना वेगळी. त्या दिवसांत तुम्ही जिथं राहता तिथं तुम्हाला मोजतात, त्यानं गावचं मत जात नाही की जमीन जात नाही. घरमालकांना वाटतं, भाडेकरूंची नावं दिली तर टॅक्स वाढेल, नाहीतर भाडेकरू हक्क सांगेल. 1948 च्या जनगणना कायद्याचं कलम 15 सांगतं की ही माहिती गुप्त राहते, कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. हे आपण पेपरात ठळक छापा, कारण शेजारणीनं सांगितलेलं कुणी मानत नाही.

मोजणीला येणारे शिक्षक आपली शाळा सांभाळून हे काम करतात, याची मला जाणीव आहे. तरी एक विनंती आहे. आमच्याकडे सकाळी अकराला आलात तर कुलुपं मोजाल. रात्री आठनंतर या, नाहीतर रविवारी. कुठल्या खोलीत किती जण, ते मी वही बघून सांगेन, जिने चढायला सोबत येईन.

आणि फेब्रुवारीत मी प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी घालणार आहे : ‘पुण्यात राहतोस ना, मग पुण्यात नाव दे. आणि आईला फोन करून सांग, तिकडं लिहून देऊ नको म्हणून.’

आपली,
एक डबेवाली, नऱ्हे, पुणे