‘अपात्र’ म्हणजे निकामी नव्हे

महोदय,

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला, तेव्हापासून ‘हा संगणक विंडोज ११ साठी पात्र नाही’ हा संदेश अनेकांनी पाहिला असेल. बातम्यांमध्ये अशा संगणकांना सर्रास ‘कालबाह्य’ म्हटले जाते आणि हा शब्द मला खटकतो. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, शिवाय प्रोसेसर कंपनीच्या यादीत असावा लागतो. इंटेलचे सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक प्रोसेसर त्या यादीत नाहीत. संगणक त्या अटींत बसत नाही, एवढाच त्या संदेशाचा अर्थ आहे.

माझा २०१४ सालचा लॅपटॉप असाच अपात्र ठरला आणि दुरुस्तीच्या दुकानात तो मोडीत काढण्याचा सल्ला मिळाला. पण मोडीत काढण्याआधी मी लिनक्स मिंट या विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत कार्यप्रणालीची आयएसओ फाइल (संपूर्ण प्रणाली सामावणारी एकच फाइल) उतरवली आणि रुफस या छोट्या प्रोग्रॅमने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवली. (यात पेन ड्राइव्हवरचे सगळे पुसले जाते, हे आधी लक्षात घ्यावे.) लॅपटॉप सुरू होताना एफ१२ दाबून बूट मेनूत (संगणक कशावरून सुरू करायचा, ते निवडण्याच्या यादीत) तो पेन ड्राइव्ह निवडला. ही कळ कंपनीगणिक वेगळी असते, कुठे एफ९, कुठे एस्केप. पेन ड्राइव्हचा दिवा बराच वेळ लुकलुकत राहिला आणि मग पडद्यावर मिंट उघडले. आतल्या हार्ड डिस्कला हात लागला नव्हता. ‘इन्स्टॉल’चे चिन्ह आपण होऊन उघडून पुढे जाईपर्यंत तो लागतही नाही.

आवाज, कॅमेरा आणि मराठी टंकलेखन ठीक होते. वाय-फाय मात्र दिसेना, कारण आतले कार्ड ब्रॉडकॉम कंपनीचे होते आणि त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) वेगळा बसवावा लागणार होता. मोबाइल केबलने जोडून त्याचे इंटरनेट घेतले, मिंटच्या ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून त्या कार्डाचा ड्रायव्हर बसवला आणि वाय-फाय सुरू झाले. अशा अडचणी इन्स्टॉल करण्याआधीच कळतात, हाच या पद्धतीचा खरा फायदा. वेगावरून मात्र मत बनवू नये. सगळे पेन ड्राइव्हवरून वाचले जात असल्याने प्रोग्रॅम उशिरा उघडतात, आणि केलेले बदल संगणक बंद करताच पुसले जातात.

एक सावधगिरी महत्त्वाची आहे. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू होत नाही म्हणून काही जण बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन ‘सिक्युअर बूट’ ही सुरू होतानाची सुरक्षा तपासणी बंद करतात. विंडोजची डिस्क बिटलॉकर या विंडोजच्याच सुरक्षा सोयीने कुलूपबंद असेल, तर त्यानंतर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती आधीच लिहून ठेवावी. तसेच केवळ विंडोजसाठी केलेले हिशेबाचे सॉफ्टवेअर किंवा जुना स्कॅनर ज्यांच्या रोजच्या कामात आहे, त्यांची लिनक्सवर अडचण होऊ शकते, हेही प्रांजळपणे सांगायला हवे.

मी आठवडाभर फायली दुसऱ्या पेन ड्राइव्हवर ठेवत असेच काम केले आणि मगच मिंट कायमचे बसवले. लॅपटॉपची बॅटरी तेवढी नवी घ्यावी लागली. ती विंडोजवरही अर्धा तासच टिकत होती.

आपला,
एक वाचक