कालव्याच्या भरावावरून

पुणे

प्रिय अनिल,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. घोडबंदर रस्त्यावरच्या ट्रकांना कंटाळून सायकल विकून टाकण्याच्या विचारात आहेस, असे तू लिहिलेस आणि पुण्याकडे तरी निवांत चालवण्याजोगा रस्ता उरला आहे का, असे विचारलेस. रस्ता आहे, मात्र तो सिंहगडाच्या वाटेवर नाही. तिथे रविवारी सकाळी भजी खायला निघालेल्या मोटारींची रांग लागते. मी सांगतो तो रस्ता कालव्याच्या भरावावरचा आहे. सायकल विकण्यापूर्वी एकदा तिथे येऊन जा.

खडकवासल्याचे धरण १८७९ साली पूर्ण झाले, आणि त्यातून निघालेला मुठा उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्यावरून, स्वारगेट व हडपसरमार्गे पूर्वेकडे दौंड तालुक्यात जातो, एवढे तुला शाळेपासून ठाऊक आहे. सायकल चालवू लागल्यावर मला त्यातली खरी गंमत कळली. कालव्याचे पाणी पंपाने नव्हे, केवळ उताराने वाहते; त्यामुळे तो आखताना टेकडी आडवी आली की तिला समपातळीत वळसा घालायचा, ओढा आला की त्यावरून जलसेतूने पाणी न्यायचे, आणि उतार इतका सौम्य ठेवायचा की पाणी पुढे सरकेल पण काठ खणून काढणार नाही. त्या पाण्याशेजारी तपासणीसाठी ठेवलेला मुरमाचा रस्ता साहजिकच तेवढाच सपाट असतो. वळणे पुष्कळ, चढ जवळजवळ नाही, आणि दोन गावांमधले अंतर डांबरी रस्त्यापेक्षा बरेच लांब. घाई असलेला माणूस तिकडे फिरकतच नाही. रहदारी नसण्याचे खरे कारण हेच आहे, आणि मला त्या लांबीबद्दल काहीही तक्रार नाही.

परदेशात खडीच्या वाटांवरून सायकल चालवण्याचे जे वेड पसरले आहे, त्यातली नावाजलेली शर्यत २००६ साली अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये सुरू झाली. शेतांमधल्या गारगोटीच्या रस्त्यांवरून दोनशे मैल. मला शर्यतीत रस नाही, पण तिकडच्या कालव्यांबद्दल मात्र कुतूहल आहे. तिथले पुष्कळ जुने कालवे शेतीसाठी नव्हे, मालवाहतुकीसाठी खोदलेले होते. काठावरून घोडे किंवा खेचरे दोराने होड्या ओढत, म्हणून पाण्याला लागून सलग वाट ठेवणे भागच होते. रेल्वे आली, होड्या गेल्या आणि वाट सायकलवाल्यांना मिळाली. वॉशिंग्टनपासून कंबरलंडपर्यंतची अशी एक वाट सुमारे ३०० किलोमीटर सलग आहे. आपला हा कालवा होड्यांसाठी खोदलेला नाही. आपली वाट पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यासाठी आहे आणि पाणी अजून कामावर आहे. हा फरक नीट लक्षात ठेवला, तर तिथे कसे वागावे हे वेगळे सांगावे लागत नाही.

माझा आवडता टप्पा उरुळी कांचनच्या पुढे यवत, खुटबाव, केडगावच्या बाजूला आहे. सोलापूर महामार्ग फार लांब नसतो, पण भरावावर चढले की त्याचा आवाज उसाच्या फडात मुरतो. एका काठाला बाभळी, दुसऱ्या काठाला ऊस, मधूनच कालव्यातून फुटणाऱ्या एखाद्या फाट्याचे लोखंडी दार. ते दार जरा थांबून पाहण्यासारखे असते: वंगण थापलेला उभा स्क्रू, त्यावर फिरवायचे चाक, आणि बाजूच्या दगडी भिंतीवर पाण्याच्या उंचीच्या रेघा, ज्यांतल्या खालच्या शेवाळाने बुजलेल्या आणि वरच्या कुणीतरी नव्या रंगाने काढलेल्या. पुढे गुऱ्हाळे लागतात. काहिलीतला रस उकळून काकवीपर्यंत आला की त्याचा वास वाऱ्याबरोबर कालव्यापर्यंत येतो, आणि चुलवाणात चिपाडे सारणारा माणूस आपल्याला हात करून बोलावतो. गरम गुळाचा खडा पळसाच्या पानावर मिळतो. पैसे घेत नाहीत. मी अर्धी भेली विकत घेऊन निघतो, म्हणजे दोघांचाही मान राहतो.

हंगामाविषयी मात्र माझे ऐक. पावसाळ्यात येऊ नकोस. मुरूम पाणी पिऊन मोकळा होतो, पण मध्ये मध्ये काळी माती लागते, आणि ओली काळी माती चाक आणि ते धरणारा चिमटा यांच्यामध्ये अशी भरते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. शिवाय ओल्या भरावावर चाकाने पडलेल्या चाकोरीतून पावसाचे पाणी वाट काढते, आणि मातीच्या बांधाला ते चांगले नाही. २७ सप्टेंबर २०१८ रोजी दांडेकर पुलाजवळ याच कालव्याची भिंत फुटून जनता वसाहतीच्या परिसरातल्या घरांत पाणी शिरले होते, हे तुला आठवत असेल. मातीचा बांध दिसतो तेवढा दांडगा नसतो. दिवाळीनंतर ये. कालवा सल्लागार समितीची बैठक होऊन रब्बीचे आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडण्याची पाळी, सुटले, की कालवा काठोकाठ भरलेला असतो. तेव्हा मात्र पाण्यापासून हातभर लांबून चालव. अस्तरीकरण केलेल्या, म्हणजे आतून पक्का थर दिलेल्या, भागात काठ तिरके आणि गुळगुळीत असतात. आत पडलेल्याला धरायला काही मिळत नाही, आणि पाण्याला वरून वाटतो त्यापेक्षा पुष्कळ ओढ असते. पाय धुवायलाही तिथे उतरू नये.

आता सायकलीविषयी. दुकानदार तुला लाखाच्या सायकलीचे माहात्म्य ऐकवील. वाकड्या हँडलची, डिस्क ब्रेकची, हलक्या गिअरची ती सायकल उत्तम असते, यात वाद नाही; पण तिची खरी करामत चाळीस मिलिमीटरच्या आसपासच्या रुंद टायरमध्ये आहे, आणि आपल्या दूधवाल्याच्या काळ्या सायकलीचा टायर दीड इंच रुंद, म्हणजे अडतीस मिलिमीटर, असतो. तुझ्या दादांनी वापरलेली ती अठ्ठावीस इंची सायकल आमच्या गटातल्या महागड्या सायकलींच्या मागे याच रस्त्यावर मजेत चालेल; फक्त ब्रेक तपासून घे. तुझ्या हायब्रीड सायकलीला पस्तीस मिलिमीटरपेक्षा रुंद टायर बसत असतील तर तेवढेच बदल. हवा कमी ठेव. तुझ्या वजनाला ३५ ते ४० पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) पुरे. ठाण्यातल्या डांबरासाठी भरतोस तेवढी भरलीस, तर मनगटे दुसऱ्या दिवशी जाब विचारतील. बाभळीचा काटा हा इथला खरा शत्रू आहे, म्हणून ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) असेल तर बरे, नसेल तर दोन जादा ट्यूब आण.

रस्त्यावरची रीत थोडक्यात सांगतो. मेंढपाळाचा कळप समोरून आला की उतरून कडेला उभे राहायचे. मेंढ्या बिथरून कालव्याकडे वळल्या तर नुकसान त्याचे होते. कुत्री धावून आली तर पळायचे नाही, उतरून सायकल मध्ये धरायची. दाराला, शेताकडे जाणाऱ्या चारीला, कुणाच्या मोटारीच्या केबलला हात लावायचा नाही. उन्हाळी आवर्तनात शहराचे पिण्याचे पाणी आणि दौंड-इंदापूरचे शेतीचे पाणी यांवरून ताण असतो. अशा वेळी भरावावर रेंगाळणारा अनोळखी माणूस कुणाला खपत नाही, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.

शहरातल्या भागाबद्दल मात्र मला काळजी वाटते. खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत पाणी बोगद्यातून नेण्याची सरकारची योजना आहे. पाण्याची गळती आणि चोरी थांबेल, ते योग्यच आहे. पण उघडा कालवा कोरडा झाल्यावर त्या पट्ट्याचे काय होणार? मला भीती आहे की तिथे आणखी एक मोटारींचा रस्ता होईल. वॉशिंग्टनच्या त्या कालव्यावरही मोटाररस्ता बांधायचा बेत होता. १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या विल्यम डग्लस या न्यायमूर्तींनी विरोध म्हणून ती अख्खी वाट पायी चालून दाखवली, आणि १९७१ साली तिला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला. आपल्याकडे न्यायमूर्तींना चालायला लावणे अवघड, पण पर्वती ते हडपसर असा सपाट, सावलीचा, सलग पट्टा पुण्याला पुन्हा मिळणार नाही, हे निदान आपण नगरसेवकाच्या कानावर घालू शकतो. तू आलास की त्याचा मसुदा तुझ्याकडून लिहून घेईन. तुझे मराठी माझ्यापेक्षा बरे आहे.

बारामतीकडचा नीरा डावा कालवा दुसऱ्या खेपेला ठेवू. पहिल्या खेपेला शुक्रवारी रात्री ये, शनिवारी पहाटे उरुळीपर्यंत टेम्पोने सायकली नेऊ आणि तिथून निघू. वहिनींना सांग की दुपारच्या जेवणापर्यंत फोन लागणार नाही. काकूंना माझा नमस्कार.

तुझा,
विनायक