शंकेखोर भाग दुसरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत विज्ञानपटांच्या सिक्वेलवर मजकूर आला आहे. त्यात ‘ड्यून : पार्ट टू’ची बोळवण ‘डोळे दिपवणारा, पण संथ’ एवढ्या चार शब्दांत आणि ‘काळपट दिसतो, संवाद दबतात’ या तक्रारीवर झाली आहे. डोळे दिपतात हे कबूल. ‘पण’वर मात्र हरकत आहे. १ मार्च २०२४ रोजी प्रदर्शित झालेला हा १६६ मिनिटांचा चित्रपट जे सांगू पाहतो, ते त्या दिपवण्यातूनच सांगतो. दोन गोष्टी वेगळ्या काढल्या की हातात नुसती वाळू उरते.

पहिला भाग पाहून आपण वाळवंटी ग्रहावर परागंदा झालेल्या सरदारपुत्र पॉलच्या बाजूने झालेलो असतो. बाप मारला गेला, राज्य गेले, आता पोरगा सूड घेणार. दिग्दर्शक डेनी विलनव आपल्याला तो सूड देतात, आणि देताना त्याची चव घालवतात. याचे मूळ कादंबरीच्या इतिहासात आहे. फ्रँक हर्बर्ट यांची कादंबरी १९६५ची. वाचकांनी पॉलला सरळ नायक करून टाकले हे लेखकाला खटकले आणि १९६९च्या पुढच्या कादंबरीत त्यांनी त्या नायकपणाचा हिशोब मांडला. चित्रपटाने तो हिशोब अलीकडे ओढून पहिल्याच कथेत आणला आहे. कादंबरीतली चानी, म्हणजे वाळवंटातल्या टोळीतली पॉलची प्रेयसी, त्याच्या पाठीशी राहते. इथली चानी बाहेरून तारणहार येईल या टोळीतल्या भविष्यवाणीवर विश्वास ठेवत नाही, तोंडावर भांडते आणि शेवटी सगळे गुडघ्यावर बसलेले असताना एकटी निघून जाते. शेवटची चौकट विजयी पॉलची नाही, तिच्या चेहऱ्याची आहे. कादंबरीत मधे दोनेक वर्षे जातात, पॉलची बहीण जन्मते, बोलू लागते. चित्रपटात सगळे काही महिन्यांत आटोपते आणि ती बहीण आईच्या पोटातच राहते. मूळ पुस्तकाचे भक्त यावर नाराज आहेत. पण काळ आवळल्यामुळेच एक परका पोरगा बघता बघता अवतार कसा ठरतो, याची घाई अंगावर येते.

त्या टोळीचा म्होरक्या स्टिलगार, त्याचे पात्र पाहा. पहिल्या तासात प्रेक्षागृह त्याला हसते. पॉल म्हणतो, मी तो नव्हे. स्टिलगार म्हणतो, बघा किती नम्र, म्हणजे हाच तो! नाकारले तरी पुरावा, स्वीकारले तरी पुरावा. बुवाबाजीचे तर्कशास्त्र आपल्याकडे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. तोच माणूस शेवटी तलवार घेऊन धर्मयुद्धाला निघतो, चेहऱ्यावर तोच भाबडेपणा असतो, आणि मघाशी आपण हसलो होतो याची लाज वाटते. चानीची कोंडी याहून वाईट. विष प्यालेल्या पॉलला शुद्धीवर आणायला तिचे अश्रू लागतात, कारण भविष्यवाणीत तसे आहे. ती तयार नसते, तेव्हा पॉलची आई जेसिका माणसाला हुकमात आणणाऱ्या आवाजाच्या जोरावर तिच्याकडून ते करून घेते. न मानणारीच्याच हातून पोथी खरी करून घेतली जाते. पॉल उठल्यावर ती त्याला थोबाडीत मारते, ते अगदी योग्य.

आता प्रकाशाबद्दल थोडे सविस्तर, कारण सोलापूरकरांना यातली एक गोष्ट इतरांपेक्षा लवकर कळेल.

पॉलच्या शत्रूंच्या, म्हणजे हार्कोनेन घराण्याच्या ग्रहावरचा आखाडा कृष्णधवल दिसतो. पुष्कळांना वाटते की रंगीत चित्रण करून मागाहून रंग काढले. तसे नाही. छायालेखक ग्रेग फ्रेझर यांनी तो भाग इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशात टिपला. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढे इन्फ्रारेड अडवणारी काच असते. ती काढून टाकायची आणि उलट डोळ्याला दिसणारा प्रकाश अडवणारा फिल्टर बसवायचा. मग सेन्सरपर्यंत साधारण ७०० नॅनोमीटरच्या पुढचाच प्रकाश पोचतो. हा प्रकाश त्वचेच्या आत थोडा शिरून पसरून बाहेर येतो, त्यामुळे डाग, सुरकुत्या पुसट होतात आणि माणसे मेणाची वाटतात. हार्कोनेनांचा केस नसलेला वारस फेड-राउथा भर उन्हात उभा असून जिवंत वाटत नाही, तो यामुळे. नुसते रंग काढून हे होत नाही.

यात अडचण येते कापडाची. कापडावरचे पुष्कळसे काळे रंग फक्त दिसणारा प्रकाश शोषतात, इन्फ्रारेड परत फेकतात. मग काळाकुट्ट पोशाख कॅमेऱ्यात राखाडी नाही तर चक्क पांढरा येतो. कार्बनचा काळा मात्र काळाच राहतो. म्हणून अशा चित्रणात एकेक कापड आधी कॅमेऱ्यापुढे धरून पाहावे लागते. डोळ्यावर भरवसा चालत नाही. सूत रंगवणाऱ्या शहराला हे पटवायला प्रयोगशाळा नको. दुकानातल्या सीसीटीव्हीचे रात्रीचे चित्रण काढून पाहा. तो कॅमेरा अंधारात इन्फ्रारेडवर चालतो. एकाच काळ्या छटेचे दोन टॉवेल त्यात कधी कधी एक काळा, एक पांढरा दिसतात. दोन्ही काळे, पण रंगद्रव्य वेगळे.

एवढी उठाठेव कशाला? कारण त्या ग्रहाचा सूर्यच काळा आहे, त्याच्या उजेडात रंग नाहीत, अशी कल्पना आहे. पात्रे आडोशाखालून बाहेर आली की चेहऱ्यावरचा रंग उतरतो, आत गेली की परत येतो. ज्या समाजात माणसाची किंमत फक्त मारणारा आणि मरणारा एवढीच, तिथे उजेडही तसाच. हे सांगायला एकही संवाद खर्ची पडलेला नाही.

वाळवंटातली युक्ती साधी आहे. मागे संगणकाने देखावा जोडायचा तर सहसा निळा किंवा हिरवा पडदा लावतात. त्याची झाक घामेजल्या चेहऱ्यावर आणि कपड्यांच्या कडांवर पडते आणि ती काढताना कडा कापल्यासारख्या दिसतात. या मालिकेत पहिल्या भागापासून वाळूच्या रंगाचे पडदे वापरले. झाक पडली तरी वाळूचीच, ती काढायचीच नाही. आणि संगणकात चित्राचे रंग उलटे केले की वाळूचा तो तपकिरी निळसर होतो, म्हणजे पडदा कापून काढायची सोयही राहते. वाळवंटात सापडणाऱ्या ‘मसाला’ नावाच्या पदार्थामुळे निळ्या झालेल्या डोळ्यांसाठी पहिल्या भागातल्या चित्रांवर संगणकाला शिकवून घेतले होते. मार्च २०२५ मध्ये दृश्यपरिणाम आणि ध्वनी अशी दोन ऑस्कर या चित्रपटाला मिळाली. हान्स झिमर यांचे संगीत मात्र पहिल्या भागातल्या सुरावटी जास्त असल्यामुळे स्पर्धेतच धरले गेले नाही, आणि तो निर्णय चुकीचा म्हणता येत नाही.

महाकाय अळीवर पॉल पहिल्यांदा स्वार होतो तो प्रसंग ‘संथ’ म्हणणाऱ्यांनी पुन्हा पाहावा. आधी ठोका देणारे यंत्र रोवणे, मग वाट पाहणे, लांबून धुळीची रेघ, पायाखालची टेकडी खचणे, आणि मग नुसती धडपड. आकडे खवल्याच्या फटीत अडकवून ती उचकटून धरायची. कादंबरीत कारण दिले आहे: उघड्या पडलेल्या मऊ भागात वाळू जाऊ नये म्हणून अळी ती बाजू वर ठेवते आणि बुडी मारत नाही. ही कृती आधी नीट दाखवल्यामुळेच पुढे लढाईत अळ्यांवर माणसे दिसतात तेव्हा ती खरी वाटतात. पाण्याचेही तसेच. मेलेल्या शत्रूच्या अंगातले पाणी काढून घेतात, आणि त्यात रसायने फार म्हणून ते पिण्याला नाही, यंत्रे थंड करायला ठेवतात. दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या आपल्या शहरात पिण्याचे वेगळे आणि वापरायचे वेगळे ही विभागणी कुणाला परग्रहावरची वाटणार नाही.

दोष आहेत. सम्राट आहे की नाही इतका फिका आहे. शेवटची लढाई फार लवकर आटोपते. दोन तास बांधलेले धरण दहा मिनिटांत सोडून दिल्यासारखे होते.

‘काळपट दिसतो, संवाद दबतात’ ही त्या मजकुरातली तक्रार मात्र पडद्याची असू शकते, चित्रपटाची नव्हे. चित्रपटगृहात पडद्यावर १४ फूट-लँबर्ट (पडद्याचा उजेड मोजायचे एकक) उजेड अपेक्षित असतो. दिवा जुना झाला किंवा प्रक्षेपण खोलीच्या काचेवर धूळ बसली की तो बराच खाली येतो आणि सावलीतले तपशील आधी जातात. तिथल्या ध्वनियंत्रावर आवाजाची प्रमाण पातळी ७ असते. प्रेक्षक ओरडतात म्हणून ती ४ किंवा ५ वर आणली की अळीचा दणका कमी होतो, पण कुजबुजही ऐकू येत नाही.

शहरातली महाविद्यालये आणि वाचनालये असे चित्रपट दाखवणार असतील तर थोडा हिशोब करावा. १६ फूट बाय ९ फूट पडदा म्हणजे १४४ चौरस फूट. १४ने गुणले की साधारण २००० ल्युमेन (प्रोजेक्टरच्या उजेडाचे माप) पडद्यावर पोचले पाहिजेत. प्रोजेक्टरच्या खोक्यावर लिहिलेला आकडा भडक मोडचा असतो, सिनेमा मोडमध्ये तो निम्म्यावर येऊ शकतो, म्हणून ४००० चा प्रोजेक्टर घ्यावा. हा चित्रपट २.३९ : १ या रुंद चौकटीचा, तेव्हा ९ फुटांपैकी चित्र पावणेसात फुटांचेच येईल. वरखालच्या पट्ट्यांवर काळे कापड लावावे, नाही तर त्या राखाडी चमकतात. प्रोजेक्टरची हवेची जाळी आदल्या दिवशी झाडावी. मागांच्या वस्तीत सुताची धूळ तिथे बसते आणि एप्रिलच्या उकाड्यात यंत्र तापून मधेच बंद पडते. टीव्हीवर पाहणाऱ्यांनी मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय) बंद करावे. मध्यंतर द्यायचेच असेल तर आखाड्याचा प्रसंग पूर्ण संपल्यावर द्यावे आणि सभागृहातले सगळे दिवे लावू नयेत, कडेचे दोन पुरेत. डोळे पुन्हा अंधाराला सरावायला काही मिनिटे लागतात.

आपला,
एक वाचक, सोलापूर