नाळ कापायची एवढी घाई कशाला?

संपादक साहेब, नमस्कार.

लहान मुलांच्या ॲनिमियाची तुमच्या पेपरातली बातमी वाचली. 2019-21 च्या सर्व्हेत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची जवळपास 69 टक्के पोरं ॲनिमिक निघाली, त्याआधी हाच आकडा 54 च्या आसपास होता. बातमीत सिरप, पालेभाज्या, जंताच्या गोळ्या सगळं आलं पण जन्माच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांचं काहीच नाही, म्हणून लिहितेय.

मी लेबर रूममध्ये नर्स होते. बाळ बाहेर आलं तरी वारेतलं (प्लासेंटातलं) रक्त नाळेतून त्याच्याकडे जातच असतं, पहिल्या मिनिटात साधारण 80 मिली, तीन मिनिटांत 100 पर्यंत, आणि तीन किलोच्या जीवाला हे काय थोडंथोडकं आहे का, त्यातलं लोह पुढे कित्येक महिने पुरतं. लगेच क्लॅम्प (चिमटा) लावून नाळ कापली की ते सगळं वारेबरोबर बादलीत. डब्ल्यूएचओ म्हणते किमान एक मिनिट थांबा, आपल्या सरकारच्या 2018 च्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात तर तीन मिनिटं किंवा नाळेचे ठोके थांबेपर्यंत असं आहे. काठमांडूत 540 बाळांवर अभ्यास झाला, तिथेही तीन मिनिटं थांबलेल्या बाळांमध्ये आठव्या महिन्यात ॲनिमिया कमी होता.

मग घाई कशाची? सवय, दुसरं काय, आणि पुढची पेशंट टेबलासाठी थांबलेली असते. बाळ श्वास घेत नसेल तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टर ठरवतील ते खरं. कावीळ थोडी जास्त होऊ शकते, त्यावर लक्ष ठेवायचं. पण थांबलं की बाळंतिणीला ब्लीडिंग जास्त होतं ही भीती खोटी आहे, ब्लीडिंग रोखणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन तेवढ्यात देता येतंच की. कितीतरी गावांत सुईणी वार पडल्याशिवाय नाळ कापत नव्हत्या (कशाने कापायच्या ते सोडा!).

आणि ते प्रायव्हेट कॉर्ड ब्लड बँकवाले, हेच रक्त हजारो रुपये घेऊन साठवून ठेवतो म्हणतात. पिशवी भरायची तर नाळ लवकर कापणं त्यांच्या सोयीचं. स्वतःच्याच बाळासाठी असं रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही हे आयसीएमआरने (देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने) सांगितलंय, तरी लोक भुलतात.

आरोग्य खात्याने एवढं करावं, केसपेपरवर वजनाच्या शेजारी नाळ किती मिनिटांनी कापली याचा रकाना ठेवावा आणि तो खरा भरला जातो का ते तपासावं. घरच्यांनीही सातव्या-आठव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारून ठेवा, सिझर ठरलं असलं तरी विचारा, त्यातही थांबता येतं.

— एक रिटायर्ड नर्स, सातारा